फायबरवरचा फोन गावात चालवायचा तर: ब्रॉडबँड चालकांचे नेहमीचे प्रश्न

वायफायची लाईन देणाऱ्या चालकाला हल्ली गल्लीगल्लीत विचारणा होते, "दादा, त्याच वायरवर फोन पण मिळतो म्हणे?" मिळतो. बसवायला अर्धा तास पुरतो. खरी कटकट पुढच्या पंधरवड्यात सुरू होते, कारण "फोन" म्हटल्यावर ग्राहकाच्या डोक्यात तीस-चाळीस वर्षांच्या सवयी असतात आणि हा नवा फोन त्यातल्या निम्म्या मोडतो. सवय ग्राहकाने बदलावी असा आग्रह धरणाऱ्यांची कनेक्शनं परत येताना पाहिली आहेत. सेवा वाकवणं सोपं पडतं. ती कुठे आणि किती वाकवायची, यावर सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या चालकांनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

आमच्याकडे इंटरनेटचा परवाना आहे. त्यावर फोन देता येईल का?

थेट नाही. भारतात इंटरनेटवरून बोलायला १ एप्रिल २००२ पासून परवानगी मिळाली, पण अर्धीमुर्धी. संगणकावरून संगणकावर बोला, संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोला. देशातल्या साध्या फोनला मात्र लावायचा नाही. स्काइपवरून भारतातल्या भारतात मोबाईल आणि लँडलाईनला लागणारे कॉल १० नोव्हेंबर २०१४ पासून बंद झाले, ते आठवत असेल. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, ऑक्टोबर २०१७ मध्ये शिफारशी दिल्या, जून २०१८ मध्ये दूरसंचार विभागाने परवान्यांत बदल केला आणि मग वाट मोकळी झाली, तीही ॲक्सेस सेवेचा, म्हणजे ग्राहकाला थेट फोन नंबर देण्याचा, परवाना असणाऱ्यांसाठी. बीएसएनएलने त्याच वर्षी 'विंग्ज' आणलं: सिम नाही, ॲपवर दहा आकडी नंबर, वर्षाला १,०९९ रुपये.

तेव्हा तुम्ही अशा परवानाधारकाशी करार करायचा. नंबर त्यांचा, केवायसी त्यांच्या पद्धतीने, वायर आणि माणूस तुमचा. "आमच्या सर्व्हरवरून स्वस्तात कॉल उतरवून देतो" (म्हणजे इंटरनेटवरून आलेला कॉल साध्या फोनच्या जाळ्यात सोडतो) म्हणणारा कुणी भेटला तर चहा पाजून वाटेला लावा. बेकायदा टेलिफोन एक्स्चेंजवर छापे पडतात ते याच धंद्यापायी.

व्हॉट्सॲप फुकट असताना हा फोन कोण घेणार?

घरगुती ग्राहकाने असं विचारलं तर त्याचं बरोबर आहे. त्याला गळ घालू नका. तुमचा गिऱ्हाईक दुसरा: दवाखाना, पतसंस्था, शाळा, आडत दुकान, मंगल कार्यालय, मोठी सोसायटी. त्यांना पाटीवर लिहायला एक नंबर हवा असतो, जो तीन-चार जण उचलू शकतील आणि जो कुणाच्या खिशात बसून निघून जाणार नाही. कंपाउंडरने नोकरी सोडली तरी पेशंट वर्षभर त्याच्याच मोबाईलवर "डॉक्टर आहेत का?" विचारत राहतात, हे सांगितलं की डॉक्टरांना वेगळं काही पटवावं लागत नाही.

शिवाय लँडलाईनच्या नंबरावर व्हॉट्सॲप बिझनेस चालू करता येतं, आणि दुकानदारांना ही गोष्ट भलतीच आवडते. फक्त एक करा. पडताळणीचा कोड फोन करून सांगितला जातो, आणि तो फोन जर "मराठीसाठी एक दाबा" ला जाऊन धडकला तर यंत्र यंत्राशी बोलत बसतं आणि कोड वाया जातो. त्या दहा मिनिटांपुरता मेनू बंद ठेवून कॉल सरळ टेबलावरच्या फोनवर सोडा.

जुना नंबर तोच राहील का?

सगळ्यात जास्त सौदे इथे मोडतात. मोबाईलचा नंबर कायम ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २०११ मध्ये आली. लँडलाईनला ती नाही. त्यामुळे "बघू, करून देतो" असं मोघम बोलू नका. नंबर नवा मिळेल, हे पहिल्याच भेटीत सांगा.

मग जुन्याचं काय? तांब्याची लाईन जिवंत असेल तर ती लगेच कापायला लावू नका. सगळ्यात कमी भाड्याच्या योजनेवर ठेवा आणि नव्या नंबरावर वळवा. पावतीपुस्तक, रबरी शिक्का, लग्नपत्रिकांत छापलेला मंगल कार्यालयाचा नंबर, रिक्षाच्या मागची जाहिरात या गोष्टी संपायला किंवा पुसट व्हायला वर्ष सहज जातं. कॅलेंडर छापणाऱ्या पतसंस्थेला तर नवा नंबर दिवाळीच्या आधीच द्यायला हवा, नाहीतर पुढचं अख्खं वर्ष भिंतीवर जुना नंबर लटकतो.

नंबर त्याच एसटीडी कोडचा हवा, हाही हट्ट असतो आणि तो रास्त आहे. साताऱ्याच्या सराफाला ०२१६२ हवा, त्याला ०२२ दिलात तर समोरच्याला वाटतं मुंबईहून कर्ज विकायला कुणीतरी फोन केलाय.

लाईट गेली की फोन बंद. ग्राहक म्हणतो, पूर्वी असं नव्हतं.

खरंच नव्हतं. तांब्याच्या लाईनला एक्स्चेंजमधून ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा आणि एक्स्चेंजला बॅटऱ्यांची खोली असायची. घरात अंधार असला तरी रिसीव्हर उचलला की टोन. फायबर म्हणजे काच, त्यातून वीज येत नाही. २०१९ च्या महापुरात ज्यांनी विजेविना दिवस काढले त्यांना हे तत्त्वज्ञान ऐकवण्यात अर्थ नाही. त्यांना फोन लागायला हवा आहे.

आधी ग्राहकाकडे पाहा. त्याच्याकडे इन्व्हर्टर असतो, पण ओएनटीची (घरात फायबर जिथे येऊन संपते त्या डब्याची) पिन टीव्हीमागच्या अशा पॉइंटला असते जो इन्व्हर्टरवर घेतलेलाच नाही. दहापैकी कित्येक तक्रारी पिन हलवून मिटतात. इन्व्हर्टर नसेल तर राऊटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस द्या, आणि घेण्याआधी ओएनटीच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. कॉर्डलेस फोनच्या बेसलाही वीज लागते, हे विसरलं जातं. अशा घरात एक साधा वायरवाला फोन जोडीला ठेवा.

मग स्वतःच्या जाळ्याकडे पाहा, इथे जरा कडू बोलावं लागतं. ओएलटीच्या, म्हणजे तुमच्या फायबर लाईनी जिथून सुटतात त्या यंत्राच्या, खोलीत बॅटरी असते, पण मधला एखादा स्विच कुणाच्या तरी गच्चीवर, जिन्यातल्या बोर्डावरून वायर ओढून चालवलेला असतो. त्या इमारतीची लाईट गेली की पुढच्या चार गल्ल्यांचे फोन मुके. इंटरनेटपुरतं लोक सांभाळून घेतात, मोबाईल डेटा काढतात. दवाखान्याचा फोन मुका झाला तर सांभाळून घेत नाहीत. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, तुमच्याकडे वार कुठला ते तुम्हाला पाठ असेल. त्या दिवशी सकाळी स्वतः एकदा प्रत्येक ठिकाणची बॅटरी किती वेळ टिकते ते घड्याळ लावून बघा.

एवढं करूनही फोन बंद पडलाच तर येणारा कॉल आपोआप मालकाच्या मोबाईलवर गेला पाहिजे. ही सोय सगळे देतात आणि ती सगळीकडे नीट चालत नाही, कारण ओएनटी सर्व्हरला "मी आहे" असं तासातून एकदाच कळवतो. बहुतेक यंत्रांत ही मुदत ३,६०० सेकंद ठरवून आलेली असते. लाईट दहाला गेली तरी सर्व्हर अकरापर्यंत समजतो की फोन जागेवर आहे, कॉल तिकडेच ढकलतो आणि उत्तराची वाट पाहत ३२ सेकंद घालवतो. फोन करणाऱ्याला तेवढा वेळ नुसती शांतता. कोण थांबतो? मुदत दोन-तीन मिनिटांवर आणा, आणि उत्तर आलं नाही तर चार-पाच सेकंदांत कॉल वळवायची सूचना सर्व्हरवर घालून घ्या.

ग्राहक म्हणतो "रिंग वेगळीच वाजते, फोन परदेशात लागल्यासारखा वाटतो". मशीन तर नवीन आहे.

मशीनवर देश निवडायचा राहिलाय. आपल्याकडे रिंग जोडीने वाजते: ट्रिंग-ट्रिंग, मग थांबा. आकड्यांत सांगायचं तर ०.४ सेकंद आवाज, ०.२ थांबा, पुन्हा ०.४ आवाज, मग २ सेकंद शांतता. मूळचा सूर ४०० हर्ट्झचा, त्यावर २५ हर्ट्झची थरथर, म्हणून तो जरा घोगरा लागतो. अमेरिकेची रिंग दोन सेकंद सलग वाजते आणि चार सेकंद गप्प बसते. साधा फोन इंटरनेटला जोडणारा अडॅप्टर (विजेचा नव्हे) कारखान्यातून अमेरिकेच्या सुरांवर येतो. आपल्या माणसाने नंबर फिरवला की चार सेकंदांच्या त्या शांततेत त्याला वाटतं कट झाला, आणि तो ठेवून देतो. एंगेज टोनचंही तेच. आपला पाऊण सेकंद वाजतो, पाऊण सेकंद थांबतो. तिकडचा त्याहून घाईचा.

सेटिंगमध्ये देश 'भारत' करा. यादीत भारत नसेल तर हे आकडे हाताने भरा. पाच मिनिटांचं काम आहे, पण आजोबांनी रिसीव्हर उचलल्यावर ओळखीचा डायल टोन आला की "हां, लागला बुवा फोन" म्हणून ते खूश होतात, आणि ती पसंती कुठल्याही ऑफरने मिळत नाही.

त्याच पानावर कॉलर आयडीची पद्धतही तपासा. आपल्या तांब्याच्या लाईनींवर नंबर डीटीएमएफ पद्धतीने (बटणं दाबताना येतात तशा सुरांनी) पाठवला जायचा. अडॅप्टर अमेरिकी पद्धतीवर असेल तर ग्राहकाच्या जुन्या कॉलर आयडीच्या पट्टीवर काहीच उमटत नाही आणि दोष तुमच्या माथी येतो.

रिंग किती वेळ वाजू द्यायची? व्हॉइसमेल चालू ठेवायचा का?

६० सेकंद, आणि व्हॉइसमेल बंद. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायने मोबाईलसाठी ३० आणि लँडलाईनसाठी ६० सेकंद ठरवून दिले, त्याआधी कंपन्या रिंग वीस-पंचवीस सेकंदांवर आणत होत्या. बाहेरच्या देशांसाठी बनवलेल्या सर्व्हरवर वीस सेकंदांनंतर निरोप ठेवायला सांगितलं जातं. आपल्याकडे यंत्राशी कुणी बोलत नाही. माणूस ठेवून देतो आणि समजतो की आपला मिस्ड कॉल पोचला, आता तिकडून फोन येईल. म्हणून चुकलेल्या कॉलची यादी मालकाच्या मोबाईलवर मेसेजने जायला हवी, नंबर आणि वेळेसकट. वेबसाईटवर लॉगिन करून अहवाल बघा, असं सांगू नका. कुणी बघत नाही.

ग्राहक कधी शून्य लावतात, कधी नाही. अर्धे कॉल लागत नाहीत.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाईलला लावताना आधी शून्य लागतो. लोकांना तो लक्षात राहत नाही, कारण मोबाईलवर लागत नाही. शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. डायल प्लॅन (फिरवलेले आकडे कसे वाचायचे याचे नियम) उदार ठेवा: दहा आकडे आले आणि पहिला ६ ते ९ मधला असला की शून्य तुम्हीच जोडा, शून्यासकट आला तर तसाच जाऊ द्या, ९१ लावून आला तर ते काढून टाका. गावातला नंबर कोडशिवाय फिरवला तरी लागला पाहिजे. साताऱ्यात सहा आकडी, नाशिक-नागपूरला सात, पुण्या-मुंबईत आठ. कोड धरून, शून्य सोडून, बेरीज दहाच होते. एवढं एक सूत्र प्रोग्रॅममध्ये घातलं की पुरे. आणि १९८ जोडायला विसरू नका. फोनमध्ये खरखर आली की तो लावायची सवय असलेली पिढी अजून आहे. तो कॉल तुमच्या ऑफिसात वाजू द्या.

फोन जातो, पण येत नाही. राऊटर बंद-चालू केला की थोडा वेळ येतो.

ही तक्रार इतकी ठराविक आहे की ऐकताच निदान सांगता येतं. तुम्ही सगळ्या ग्राहकांना एका सार्वजनिक आयपीमागे, म्हणजे इंटरनेटवरच्या एकाच पत्त्यामागे, बसवलंय. ग्राहकाचा फोन सर्व्हरशी बोलला की बाहेर जायची एक खिडकी उघडते, आणि काही काळ हालचाल नसली की तुमचं यंत्र ती बंद करतं. नंतर आलेला कॉल बंद खिडकीवर आपटतो. दर २५-३० सेकंदांनी एक छोटं पॅकेट (माहितीचा तुकडा) जात राहील अशी सोय फोनमध्ये असते, ती चालू करा. राऊटरमध्ये 'एसआयपी एएलजी' नावाचा एक मदतनीस असतो, तो बंद करा. मदतीच्या नावाखाली तो पत्ते बदलून ठेवतो आणि एकाच बाजूचा आवाज येतो. त्याहून चांगलं म्हणजे फोनसाठी वेगळा व्हीलॅन (त्याच वायरवर आखलेली वेगळी वाट) काढून त्याला या गर्दीतून बाहेर काढणं. तुमचं स्वतःचं जाळं असताना ते न करणं म्हणजे आळस.

आवाज तुटतो. मोठा प्लॅन घ्यायला सांगू का?

नका. एका कॉलला जी.७११ कोडेकवर (आवाज पॅकेटांत बसवायची एक पद्धत) सगळं धरून एका बाजूला ८७ केबीपीएसच्या आसपास लागतात. दहा कॉल एकदम चालले तरी एक एमबीपीएस भरत नाही. अडचण वेगाची नसते, रांगेची असते. संध्याकाळी मॅच चालू, मुलगा व्हिडिओ अपलोड करतोय, आणि आवाजाची पॅकेटं त्यामागे ताटकळतात. बोलल्यापासून ऐकू येईपर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत असलं की माणसाला कळत नाही, त्यापुढे दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलू लागतात. आवाजाला रांगेत पुढे काढा, विशेषतः अपलोडच्या बाजूला. ग्राहकाला दुप्पट पैशाचा प्लॅन विकून आवाज तुटायचा थांबला नाही तर तो प्लॅन आणि फोन दोन्ही सोडतो.

आयव्हीआर मेनू ("एक दाबा, दोन दाबा" सांगणारं यंत्र) मराठीत कसा असावा?

आखूड. फोन करणाऱ्याला माणूस हवा असतो, मेनू त्याच्या वाटेतला अडसर आहे. दुकानाचं नाव, मग जास्तीत जास्त तीन पर्याय, आणि काहीच दाबलं नाही तर कॉल सरळ माणसाकडे. काही दाबलं नाही म्हणून "अवैध निवड" म्हणत कट करणारे मेनू मी ऐकलेत. तिकडे बहुधा एखादी आजी असते, तिला "दाबा" म्हणजे फोनच्या पडद्यावर आकडे आणून दाबायचं हे ठाऊक नसतं.

भाषा काउंटरवरच्या माणसाची ठेवा. "आपला दूरध्वनी आमच्यासाठी महत्त्वपूर्ण आहे, कृपया प्रतीक्षा करा" असं कुठल्याही पतसंस्थेतली ताई बोलत नाही. ती म्हणते, "एक मिनिट हं, देते." रेकॉर्डिंग तिच्याच आवाजात करा. आवाज ओळखीचा निघाला की सभासद खूश होतात आणि तुमचा स्टुडिओचा खर्च वाचतो. थांबवताना सनई किंवा एखादी साधी धून चालेल. सिनेमातलं गाणं लावायचं तर हक्काचा प्रश्न येतो.

एका आडत्याचं उदाहरण देतो. मार्केट यार्डात त्याचा धंदा पहाटे चारला सुरू होतो, आठपर्यंत निम्मा आटोपतो. त्याला पुरवठादाराने सुंदर मेनू बनवून दिला होता: भाजीसाठी एक, फळांसाठी दोन, हिशेबासाठी तीन. शेतकरी टेम्पोत बसून, एका हाताने दार धरून फोन करणार. तो आकडा कसा दाबेल? मेनू काढला. आता एक नंबर, गाळ्यातले दोन आणि घरचा एक असे तीन फोन एकदम वाजतात, जो मोकळा तो उचलतो. गाळ्यातल्या हमालीच्या गोंगाटात ऐकू यावी म्हणून बाहेर मोठी घंटा जोडलीय. तिच्यावर तो मेनूपेक्षा जास्त खूश आहे.

थकबाकी, टोकन नंबर यंत्राने सांगायचा आहे. आकडे विचित्र बोलले जातात.

बाहेरून आलेल्या आयव्हीआरमध्ये आकडे इंग्रजी हिशेबाने जोडतात: वीसपर्यंतचे वेगळे, मग दहाचे, बाकी जोडाजोड. मराठीत "सत्तर" आणि "तीन" जोडून त्र्याहत्तर होत नाही. शून्य ते नव्व्याण्णव असे शंभरच्या शंभर आकडे रेकॉर्ड करावे लागतात. वर शे, हजार, लाख, कोटी. एका दुपारचं काम आहे, एकदाच करायचं. लाखांच्या जागी "शंभर हजार" म्हणणारं यंत्र पतसंस्थेत ठेवू नका, हसं होतं.

रक्कम अशी सांगावी. पण खाते क्रमांक, टोकन आणि मोबाईल नंबर एकेक आकडा सुटा सांगा. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतली गफलत समोरासमोर बसूनही होते, फोनवर तर होणारच.

सोलापूर, गोवा, बेळगाव इथेही हाच मेनू चालेल?

सोलापुरात तेलुगू आणि कन्नड बोलणारे ग्राहक भरपूर, भिवंडी-मालेगावला हिंदी-उर्दू. तिथल्या दुकानदाराला विचारा, त्याला नेमकं माहीत असतं. गोव्यात कोंकणी पहिली ठेवा, मग मराठी आणि इंग्रजी. परवान्याच्या हिशेबात गोवा महाराष्ट्राच्याच सर्कलमध्ये येतो, मुंबई वेगळी. बेळगाव मात्र कर्नाटक सर्कलमध्ये. तिथला ०८३१ नंबर हवा असेल तर तुमच्या परवानाधारकाकडे तिकडचा परवाना आहे का ते आधी विचारा.

कामाच्या वेळा कशा भरायच्या? सॉफ्टवेअरमध्ये "सकाळी ९ ते संध्याकाळी ६" एवढीच सोय आहे.

दवाखाना दहा ते एक आणि सहा ते नऊ. पुण्यातला दुकानदार दुपारी झोपतो की नाही यावर विनोद खूप झाले, पण दिवसात दोन पाळ्या भरता न येणारं सॉफ्टवेअर इथे निरुपयोगी आहे. साप्ताहिक सुट्टी कुठे सोमवार, कुठे गुरुवार. काही पेठांत अमावस्येला व्यवहार बंद ठेवायची रीत अजून आहे, आणि अमावस्या काही दर महिन्याच्या ठराविक तारखेला येत नाही. गावची जत्रा, उरूस, गौरी-गणपती हेही तसंच. जानेवारीत पंचांग घेऊन बसा, ग्राहकासोबत वर्षाच्या तारखा एकदम भरून टाका. बंदच्या वेळेत "कार्यालय बंद आहे" एवढंच सांगून सोडू नका, कधी उघडेल ते सांगा. दवाखान्यात तातडीचा मोबाईल नंबर द्यायचा की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

टेबलावर फोन नको, मोबाईलवरचं ॲप द्या असं म्हणतात.

द्या, पण एकटं देऊ नका. काही मोबाईल बॅटरी वाचवायच्या नादात मागे चालणारी ॲप मारून टाकतात, आणि कॉल आलेला कळतच नाही. बसवतानाच बॅटरीच्या सेटिंगमधून ॲपला सूट द्या आणि फोन खिशात ठेवून, पडदा बंद असताना, अर्ध्या तासाने कॉल करून बघा.

दर कसे सांगायचे?

कर धरून, गोल आकड्यात. १८ टक्के जीएसटी वेगळा लावला की "तुम्ही तर एवढे म्हणाला होता" ने सुरुवात होते. मिनिटाचे दर सांगून आता कुणी भुलत नाही. मोबाईलवरून मोबाईलला लावलेला कॉल दुसऱ्याच्या जाळ्यावर उतरवायचा आकारही १ जानेवारी २०२१ पासून शून्य झाला आणि अमर्याद कॉल ही लोकांना हक्काची गोष्ट वाटते. दुकानदाराला त्याच्या जीएसटी नंबराचं बिल लागतं, पतसंस्थेला संचालक मंडळाच्या सभेत ठेवायला कोटेशन लागतं आणि पैसे चेकने, सभेनंतर येतात.

दवाखान्याला पेशंटना आपोआप आठवणीचे कॉल करायचे आहेत. त्यांच्या लँडलाईन नंबरावरून करू का?

मनाने करू नका. व्यापारी कॉलसाठी ट्रायचे २०१८ चे नियम आहेत. जाहिरातीचे कॉल १४० ने सुरू होणाऱ्या नंबरांवरून, बँका-विमा यांसारख्यांच्या सेवेच्या कॉलसाठी १६०० ची मालिका. साध्या नंबरावरून शेकडो कॉल सुटले आणि लोकांनी १९०९ वर तक्रारी केल्या तर नंबर तोडला जातो, आणि तो नंबर दवाखान्याच्या पाटीवर आहे. रिसेप्शनिस्टने स्वतः केलेले दहा कॉल वेगळे, यंत्राने सोडलेले पाचशे वेगळे. परवानाधारकाकडून लेखी घ्या.

या फोनवरून ११२ लागतो का?

लागतो का, ते बसवताना खात्री करून घ्या, आणि ग्राहकाला मर्यादा सांगा. इंटरनेटवरचा फोन कुठे ठेवलाय हे तिकडे आपोआप कळेलच असं नाही. नोंदवलेल्या पत्त्यावर भिस्त असते. फोन नोंदलेल्या जागेवरून दुसऱ्या गावी नेऊन जोडला तर मदत भलतीकडे जाऊ शकते. फोनच्या तळाला पूर्ण पत्ता लिहिलेला कागद चिकटवा, म्हणजे घाबरलेला माणूस वाचून तरी सांगेल. रुग्णवाहिकेचा १०८ सुद्धा लावून बघा.

मुलगा अमेरिकेत आहे. हाच नंबर तिकडे ॲपवर चालवून दिला तर आई-वडिलांना लोकल कॉल पडेल ना?

मागणी समजण्यासारखी आहे, पण नाही म्हणा. हा नंबर इथल्या पत्त्याशी बांधलेला आहे. शिवाय परदेशातून येणारा कॉल भारतीय नंबर दाखवत असेल तर तो अडवणारी यंत्रणा ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे. फसवणुकीचे फोन तसेच यायचे म्हणून. त्या घराला व्हॉट्सॲपच बरं. मुलगा दुबईला असेल तर तिथे व्हॉट्सॲपचे कॉल चालत नाहीत, तिकडे परवानगी असलेलं ॲप घ्यावं लागतं. ते त्यांचं ते बघतील.

फॅक्स, जुना गोल तबकडीचा फोन, लिफ्टमधला फोन?

फॅक्स जी.७२९ वर (आवाज जास्त दाबणारा कोडेक) ठेवलात तर पान जाणारच नाही, जी.७११ किंवा टी.३८ वर (फॅक्ससाठीची खास पद्धत) ठेवा. तबकडीचा फोन बहुतेक अडॅप्टरना कळत नाही. तो हौसेने येणारे कॉल घेण्यापुरता जोडून द्या, वाजतो मात्र झकास. लिफ्टचा फोन आणि चोरघंटा यांना हात लावू नका, त्यांच्या कंपनीला बोलवा.

कॉल रेकॉर्ड करून हवेत.

सुरुवातीला तसं सांगा, मगच करा. वैयक्तिक माहितीबाबत २०२३ चा कायदा आहे आणि दवाखान्यातलं बोलणं म्हणजे नाजूक प्रकरण. किती दिवस ठेवणार आणि कोण ऐकणार, हे ग्राहकाकडून लिहून घ्या.

तक्रारीसाठी ॲप आणि तिकीट नंबर ठेवलाय, तरी लोक आमच्या पोराच्या मोबाईलवरच फोन करतात.

करणारच. पूर्वी लाईनमन सायकलवरून यायचा, खांबावर चढायचा, खालून ओरडून "बघा आता" म्हणायचा. ग्राहकाला तक्रार नोंदवायची नसते, कुणीतरी येतंय हे ऐकायचं असतं. पोराचा खासगी नंबर देणं थांबवा आणि त्याजागी तुमच्याच या सेवेवरचा एक नंबर द्या, जो त्या भागाच्या पोराच्या मोबाईलवर वाजेल. तो रजेवर असला की दुसऱ्याच्या. मेनू नको. रात्री नऊनंतर तो नंबर कोणाकडे वाजणार, ते आजच ठरवून ठेवा.